पॉइंटाचा मुद्दा

'निष्ठा' हा मराठीतला जरा वजनदार शब्द आहे. तो रोजच्या वापरातला नव्हे. पैठणीसारखा तो ट्रंकेत ठेवायचा आणि प्रसंगीच बाहेर काढायचा. बाजीप्रभूंनी १६६० साली खिंड अडवून धरली, ती निष्ठा. आळंदीहून निघून सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालत आषाढीला पंढरपूर गाठायचं, ती निष्ठा. आमच्या ब्रँचमधले शिपाई गेली बावीस वर्षं एकाच टपरीवरचा एकाच दर्जाचा वाईट चहा पितात, तीही ओढूनताणून या यादीत बसवता येईल. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी कोणालाही आपल्या निष्ठेबद्दल पॉइंट मिळाले नाहीत. इतक्या वाऱ्या होऊन गेल्या, पण पाचव्या वारीनंतर विठोबानं कोणाला 'सिल्व्हर वारकरी' केलं आणि दहाव्या वारीला 'गोल्ड वारकरी' करून वेगळ्या दारानं आत घेतलं, असं माझ्या ऐकिवात नाही. (वेगळ्या दारानं आत जाणारे असतात; पण त्यांचा आणि चालण्याचा काही संबंध नसतो.)

आता मात्र निष्ठेला भाव आला आहे. विमान कंपन्या, हॉटेलं, क्रेडिट कार्डं, पेट्रोल पंप, औषधांची दुकानं, सगळ्यांना तुमची-आमची निष्ठा हवी आहे आणि तिची किंमत मोजायला ते तयार आहेत. फक्त ती पैशात मोजायला तयार नाहीत. ती ते 'माइल्स'मध्ये आणि 'पॉइंट'मध्ये मोजतात. या प्रकाराविरुद्ध माझं काही म्हणणं आहे आणि ते मी आज एकदाचं मांडणार आहे. माझा अधिकार काय, असं कोणी विचारेल. मी बँकेत क्लार्क आहे आणि कॉमर्सचा पदवीधर आहे. कुठल्याही व्यवहारात नावे कुठं पडलं आणि जमा कुठं झालं, हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. एवढा अधिकार मला पुरेसा वाटतो.

प्रथम या रोगाचा थोडा इतिहास. अमेरिकेत १८९६ साली स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन नावाची एक कंपनी दुकानदारांना हिरवे स्टँप विकत असे. दुकानदार ते खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकाला देत, गिऱ्हाईक ते थुंकी लावून वहीत चिकटवी आणि वह्या भरल्या की त्याला एखादी घरगुती वस्तू मिळे. आपल्याकडे हाच व्यवहार बोहारीण करत असे आणि माझ्या मते जास्त सचोटीनं करत असे. दोन जुन्या साड्या आणि वडिलांची एक पँट यांच्या बदल्यात एक पातेलं, हा सौदा दारात, समोरासमोर, तासभर भांडून व्हायचा. पण एकदा पातेलं हातात आलं की ते आपलं. 'हे पातेलं एकतीस डिसेंबरनंतर पातेलं राहणार नाही,' असं कुठल्याही बोहारणीनं माझ्या आईला कधी सांगितलं नाही.

१९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि विमान कंपन्यांत चढाओढ सुरू झाली. गिऱ्हाईक टिकवायचं तर भाडं कमी करावं लागणार. भाडं कमी न करता गिऱ्हाईक टिकवायची युक्ती अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी काढली. आपण इकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी उपभोगत होतो, तेव्हा तिकडे विमानात जितके मैल फिराल तितके वहीत जमा, ही योजना सुरू झाली. दहा दिवसही झाले नसतील तोच युनायटेडनं तीच सुरू केली. दोन वर्षांत, म्हणजे १९८३ साली, हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलांनाही तीच बुद्धी झाली.

त्या काळी निदान मैल म्हणजे मैल होता. आमच्या वडिलांना शाळेत १७६० वारांचा मैल शिकवला होता आणि तो त्यांना मरेपर्यंत पाठ होता. आताच्या माइलाला लांबीच उरलेली नाही. २०१५ साली डेल्टा आणि युनायटेड यांनी आणि २०१६ साली अमेरिकननं ठरवलं, की माइल्स द्यायचे ते किती उडालात यावर नव्हे, किती पैसे उडवलेत यावर. इकडे तर कार्डावर कांदे-बटाटे मागवले तरी माइल्स मिळतात. कांदा लासलगावहून येतो आणि प्रवास माझ्या नावावर मांडला जातो! ज्या मापाला माप नाही, त्याच्यात व्यवहार करू नये, एवढं तर कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला नापास झालेल्यालाही कळतं.

हे ज्यांना कळत नाही, त्यांत आमचे साडू अग्रभागी आहेत. साडूंची नोकरी फिरतीची. पगार बरा, माणूस सज्जन. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण पॉइंटांचं नाव काढलं, की त्यांच्या डोळ्यांत जे तेज येतं, ते मी पूर्वी फक्त मटक्याचा आकडा विचारायला येणाऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं आहे. त्यांच्या पाकिटात सात कार्डं आहेत. पेट्रोलला एक, किराण्याला दुसरं, सोमवारच्या खरेदीला तिसरं. उपासाला काय चालतं नि काय चालत नाही, याचे आमच्या आजीचे नियमही याहून सोपे होते.

तर या साडूंनी एका वर्षी काय करावं? एका हॉटेल कंपनीच्या योजनेत त्यांना वरचा दर्जा टिकवायला एक रात्र कमी पडत होती. वर्ष संपत आलेलं, फिरती संपलेली. तेव्हा एकोणतीस डिसेंबरला ते आणि आमची मेहुणी कोथरूडच्या आपल्या राहत्या घराला कुलूप लावून, रिक्षा करून, सात किलोमीटरवरच्या हॉटेलात झोपायला गेले. हॉटेलातलं जेवण परवडणारं नव्हतं म्हणून मेहुणीनं डब्यात खिचडी आणि भाजलेला पापड घेतला होता. रात्री साडेदहाला तिला गॅसचं बटण बंद केल्याचं आठवेना. साडू रिक्षानं परत घरी आले, बटण बंदच आहे हे पाहिलं, दमून सोफ्यावर बसले आणि तिथंच त्यांना झोप लागली. पहाटे पाचला जागे होऊन ते पुन्हा हॉटेलात गेले. म्हणजे साडेसात हजार रुपये भरून माणूस झोपला शेवटी स्वतःच्याच घरात! पण कंपनीच्या वहीत रात्र मांडली गेली आणि दर्जा टिकला. या दर्जाचा लाभ काय? तर पुढच्या वर्षी दोन माणसांना मोफत नाश्ता. साडेसात हजारांत कोथरूडात दोन माणसांचे पोहे आणि चहा दोन महिने होतात, हा हिशेब मी त्यांना तोंडी करून दाखवला. ते म्हणाले, ''तुला पॉइंट कळलेला नाही.''

साडू एकटे नाहीत. अमेरिकेत या प्रकाराला 'मॅट्रेस रन' असं नावच आहे आणि नुसते माइल्स वाढावेत म्हणून विमानात बसून जायचं आणि विमानतळावरूनच परतायचं, याला 'माइलेज रन' म्हणतात. प्रदक्षिणाच ती. फक्त मध्ये देव नाही.

साडूंच्या देव्हाऱ्यात या पंथाचे संतही आहेत. पहिला मान कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनियराचा. १९९९ साली एका खाद्यपदार्थाच्या कंपनीनं वेष्टनावरचे पट्टे पाठवणाऱ्यांना माइल्स देऊ केले होते. या गृहस्थानं हिशेब केला आणि सर्वांत स्वस्त जिन्नस म्हणून पुडिंगचे १२,१५० कप विकत घेतले. खर्च सुमारे ३,१४० डॉलर, मिळकत साडेबारा लाख माइल्स. पट्टे सोलायला माणसं पुरेनात म्हणून त्यानं पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केलं, पट्टे तिथल्या स्वयंसेवकांकडून सोलून घेतले आणि वर त्या दानाबद्दल आयकरात सूटही मिळवली. माणूस हुशार, यात शंका नाही. त्याला नमस्कार करायला मी तयार आहे. पण माझं म्हणणं असं, की लॉटरीच्या दुकानावरही पहिलं बक्षीस लागलेल्याचाच फोटो लावतात. बाकीच्यांनी त्या योजनेत पुडिंग घेतलं आणि पुडिंगच खाल्लं.

दुसरी कथा ऐकून तर माझ्यातला कॅशियर हळहळला. अमेरिकेच्या टांकसाळीला एक डॉलरची नाणी लोकांच्या वापरात आणायची होती. म्हणून ती दर्शनी किमतीला, टपालखर्च न घेता, घरपोच मिळत आणि क्रेडिट कार्डही चाले. पॉइंटवाल्यांनी हजारो डॉलरांची नाणी कार्डावर मागवली, खोकी न फोडता ती बँकेत नेऊन भरली, त्याच पैशातून कार्डाचं बिल चुकवलं आणि माइल्स खिशात घातले. २०११ साली टांकसाळीनं शहाणं होऊन कार्ड घेणं बंद केलं. साडू ही गोष्ट सांगताना टाळ्या पिटतात. मी मात्र काउंटरपलीकडच्या त्या अमेरिकन क्लार्कचा विचार करतो. शुक्रवारची दुपार, लंचला पाच मिनिटं कमी आणि काचेसमोर एक माणूस हातगाडी घेऊन उभा! ती नाणी मोजणाऱ्याला कोणी माइल्स दिले?

इथपर्यंत सगळी करमणूक होती, असं समजा. एखाद्याला छंद असतो. कोणी काडेपेट्या जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटं. पॉइंट जमवणाऱ्यावर एवढा राग का? राग आहे तो हिशेबाचा.

कॉमर्सवाल्याच्या दृष्टीनं पॉइंट म्हणजे कंपनीनं तुम्हांला द्यायचं देणं. तिकिटाच्या पैशातला काही भाग कंपनीला लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. तो देण्यात राहतो आणि तुम्ही पॉइंट वापरलेत की उत्पन्नात येतो. आपल्याकडे २०१८ पासूनच्या हिशेबाच्या मानकांत हे लिहिलेलं आहे. पण त्यातच एक गंमत आहे. किती लोक पॉइंट कधीच वापरणार नाहीत याचा कंपनी आधीच अंदाज बांधते आणि तो भाग उत्पन्नात धरते. याला 'ब्रेकेज' असा शब्द आहे. कपबशी फुटावी तशी फूटतूट. फरक इतकाच, की तुमच्या घरात कपबशी फुटते आणि नफा भांडीवाल्याच्या वहीत पडतो. म्हणजे तुम्ही विसरणार, कंटाळणार, आजारी पडणार, यावर कुणीतरी हिशेब मांडून बसलेला आहे.

हा धंदा किती मोठा आहे? २०२० साली करोनामुळे विमानं जमिनीवर बसली, तेव्हा अमेरिकन कंपन्यांकडे गहाण टाकण्याजोगं काय होतं? विमानं? ती कोण घेणार! युनायटेडनं आपली माइल्सची योजना गहाण टाकली आणि ६.८ अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं. त्या योजनेची किंमत तिनं सुमारे २२ अब्ज डॉलर लावली होती आणि त्या वेळी शेअरबाजारात अख्ख्या युनायटेडची किंमत त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. वजाबाकी करून पाहा. विमानं, वैमानिक, हवाई सुंदऱ्या आणि शेंगदाण्याच्या पुड्या या सर्वांची मिळून किंमत शून्याच्या खाली येते! डेल्टाला २०२३ साली अमेरिकन एक्स्प्रेसकडून या कार्डा-माइल्सच्या व्यवहारात जवळजवळ ७ अब्ज डॉलर मिळाले. आपल्याला वाटतं, कंपनी विमान चालवते आणि वर माइल्स देते. ती माइल्स छापते आणि वहिवाट राहावी म्हणून विमान चालवते.

छापते, हा शब्द मी जाणून वापरला. पॉइंट हे चलन आहे. पण या चलनाची रिझर्व्ह बँकही तीच, टांकसाळही तीच, माल विकणारं एकमेव दुकानही तीच. काल पंचवीस हजार पॉइंटांत मिळणारी खोली आज चाळीस हजारांना झाली, तर तक्रार कोणाकडे करायची? पूर्वी दरपत्रक तरी असे. डेल्टानं ते २०१५ साली काढून टाकलं, मॅरियटनं २०२२ साली. आता त्या दिवशी जो भाव सांगतील तो भाव. २०२३ च्या सप्टेंबरात डेल्टानं नियम इतके आवळले, की गिऱ्हाइकांनी गिल्ला केला आणि आपण जरा जास्तच केलं असं खुद्द तिच्या मुख्याधिकाऱ्यांना कबूल करून थोडं मागं यावं लागलं. जरा जास्तच केलं, म्हणजे थोडं कमी केलं असतं तर चाललं असतं!

लोक बँकांना नावं ठेवतात. ठेवोत बापडे. पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा रद्द झाल्या तेव्हासुद्धा त्या भरायला डिसेंबरअखेरपर्यंत मुदत होती आणि ते पन्नास दिवस आम्ही काउंटरवर कसे काढले, हे आमच्या कंबरेला ठाऊक आहे. तुमचं खातं दहा वर्षं हललं नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, बुडत नाहीत. अकराव्या वर्षी तुम्ही आलात, तुम्ही नाही तर तुमचा वारस आला, तरी कागदपत्रं पाहून आम्ही ते देतो. (तीन वेळा हेलपाटे घालायला लावू, ते सोडा.) बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा आहे. नॉमिनी आहे. पॉइंटाला यांतलं काय आहे? बहुतेक योजनांच्या बारीक अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं असतं, की हे पॉइंट तुमची मालमत्ताच नव्हेत. आयुष्यभर जमवलं आणि ते आपलं नव्हतं! हे वाक्य कीर्तनात ऐकायला बरं वाटतं, पासबुकात नव्हे.

आणि कंपनी बुडाली म्हणजे? किंगफिशरची विमानं २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली. त्या क्लबातले माइल्स मग उडवायचे कुठं? जेट एअरवेजची कथा त्याहून विलक्षण. तिच्या माइल्सची योजना २०१४ मध्येच वेगळी कंपनी झाली होती आणि निम्म्याहून जास्त हिस्सा एतिहादनं घेतला होता. एप्रिल २०१९ मध्ये जेटची विमानं बंद पडली, पण योजना नाव बदलून पुढं चालू राहिली. म्हैस मेली आणि रतीब चालू! एअर इंडियानं मात्र २०२५ साली आपल्या योजनेला 'महाराजा क्लब' असं साजेसं नाव दिलं. १९४६ साली जन्मलेला तो महाराजा गिऱ्हाइकासमोर वाकून उभा असायचा. आता महाराजाच्या क्लबात गिऱ्हाइकानं वाकायचं, एवढाच बदल.

निष्ठा निष्ठा म्हणतात, पण ती दोन्ही बाजूंनी नको का? अमेरिकेत मिनेसोटामधले एक ज्यू धर्मगुरू वर्षाला पाऊणशे वेळा नॉर्थवेस्ट कंपनीच्या विमानानं जात. प्लॅटिनम दर्जाचे. सामान उशिरा आलं की ते तक्रार करत. सात महिन्यांत त्यांनी चोवीस तक्रारी केल्या. कंपनीनं २००८ साली त्यांना योजनेतून काढून टाकलं आणि नियम दाखवला, की सभासदानं गैरवापर केला की नाही हे आम्हीच ठरवणार. गुरुजी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ साली न्यायालयानं एकमतानं निकाल दिला, तो कंपनीच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं होतं, कंपनीनं सद्भावनेनं वागायला हवं होतं. न्यायालय म्हणालं, १९७८ च्या त्या विमान कायद्यापुढं हा दावा टिकत नाही. आता मला सांगा, वर्षाला पाऊणशे वेळा जाणाऱ्यानं तक्रार करायची नाही तर काय एकदाच जाणाऱ्यानं करायची? आमच्या बँकेत एक पेन्शनर आजोबा महिन्याला चार तक्रारी करतात. आम्ही त्यांना खुर्ची देतो आणि पाणी देतो. निष्ठा ती ही!

दुसरा मुद्दा जरा नाजूक आहे. साडू फिरतीवर जातात ते कंपनीच्या पैशानं. विमान कंपनीचं, हॉटेलचं बिल कंपनी भरते, पॉइंट साडूंच्या नावावर. म्हणून दोन हजार रुपयांनी स्वस्त विमान असलं तरी साडू आपल्याच विमानानं जातात. आमच्या ब्रँचसाठी स्टेशनरी घेताना महाग दुकानातून घेऊन मी त्या दुकानदाराकडून घरी एक मिक्सर आणला, तर त्याला काय म्हणतात हे सर्वांना माहीत आहे आणि त्याची चौकशी कोण करतं हेही. साहेबाच्या पैशावर नोकराला दिलेल्या बक्षिसाचं नाव 'निष्ठा' ठेवलं, की सगळं धुऊन निघतं काय? जर्मनीत २००२ साली सरकारी कामाच्या प्रवासातले माइल्स खासगी सहलींना वापरल्याचं उघडकीला आलं, तेव्हा ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनचं मंत्रिपद सोडलं आणि चेम ओझ्देमिर यांनीही पक्षाचं पद सोडलं. अमेरिकेनं याच्या उलटा रस्ता धरला. तिथं सरकारी नोकरांचे असे माइल्स सरकारचे मानले जात; २००१ च्या डिसेंबरात कायदाच करून ते नोकरांना देऊन टाकले. चोरी थांबवता येत नसेल तर तिला भत्ता म्हणावं, हाही एक मार्ग आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते खरा प्रश्न. हे सगळं येतं कुणाच्या खिशातून? कार्ड घासलं की दुकानदाराला साधारण दीड-दोन टक्के सोडावे लागतात. त्यातूनच तुमचे पॉइंट येतात. दुकानदार ते स्वतःच्या पदरचे देत नाही, तो भाव तेवढा वर ठेवतो. तो वरचा भाव कार्डवाल्याला लागतो तसाच रोख देणाऱ्यालाही लागतो. कार्डवाल्याला त्यातला काही भाग पॉइंटरूपानं परत मिळतो, रोखवाल्याला काहीच नाही. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०१० साली अमेरिकेपुरता याचा हिशेब केला होता. रोखीनं व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकतं आणि कार्डवाल्या कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. साडूंच्या मोफत नाश्त्याची वर्गणी कोण भरतं, हे यावरून समजावं. त्याच दुकानात साडूंच्या मागं रांगेत उभी राहून रोखीनं अर्धा किलो साखर घेणारी बाई भरते.

आणि दुसरी वर्गणी भरतात ते व्याज देणारे. आमच्या काउंटरवर दर महिन्याला असं एखादं पोर येतं. वय पंचवीस-सव्वीस. हातात आईच्या नावाची मुदत ठेवीची पावती, बरोबर आई. ठेव मुदतीआधी मोडायची असते. मी कारण विचारत नाही, नियमात नाही. पण मागच्या दिवाळीनंतर अशी एक आई आपणहून म्हणाली, ''कार्डाचे भरायचेत हो याच्या. अमुक खर्च केला तर विमानाचं तिकीट फुकट होतं म्हणे.'' मुलगा मान खाली घालून उभा होता. अनेक कार्डांवर थकबाकीचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. चक्रवाढीनं ते वर्षाला पन्नास टक्क्यांच्या वर जातं. पॉइंट मिळतात ते शंभर रुपयांमागं रुपया-दोन रुपयांचे. तीस टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा आता कंपनी ठरवील तो दर. त्या बाईंनी जिथं मी बोट दाखवलं तिथं सही केली. ठेव पूर्ण व्हायला चार महिने राहिले होते. मुदतीआधी मोडल्याचा दंड कापून मी रक्कम सांगितली, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, ''एवढीच?'' पॉइंटाच्या कोष्टकात या 'एवढीच'चा रकाना मला कुठं दिसलेला नाही.

साडूंचं उत्तर तयार असतं. ''बिल वेळेवर भरावं. मी एक पैसा व्याज देत नाही.'' बरोबर आहे, ते देत नाहीत. शंभरांतले काही लोक शिस्तीनं वागून फायदा काढतात, हे मला मान्य आहे. पण सगळेच साडूंसारखे शिस्तीचे झाले तर ही योजना दुसऱ्या दिवशी बंद पडेल, हे साडूंनाही माहीत आहे. हुशारांचा नाश्ता गाफिलांच्या व्याजावर शिजतो. आणि गाफील कुठून आणायचे? तर नव्या माणसाला कार्ड घ्यायला लावलं, की आणणाऱ्याला पॉइंट! त्यामुळं साडू हल्ली मुंजीत, बारशात, हळदीकुंकवाच्या घरी फॉर्म घेऊन हिंडतात. पूर्वी ते माझ्याकडे साडू म्हणून पाहायचे. आता अडीच हजार पॉइंट म्हणून पाहतात.

मी युनियनचा माणूस आहे. नुसता निषेध करून थांबणं आमच्या रक्तात नाही, मागण्यांचं निवेदन द्यावंच लागतं. तेव्हा माझ्या मागण्या अशा: पॉइंटाची किंमत दर्शनी भागी रुपयांत लिहावी, जशी बिस्किटाच्या पुड्यावर असते. भाव बदलायचा तर सहा महिने आधी नोटीस द्यावी. पॉइंटाला मुदत नसावी आणि नॉमिनी असावा. कंपनीच्या पैशानं केलेल्या प्रवासाचे पॉइंट कंपनीच्या खात्यात जमा व्हावेत. कार्डाच्या जाहिरातीत विमानाचं चित्र जेवढं मोठं, तेवढ्याच अक्षरांत व्याजाचा दर छापावा. आणि निष्ठा हा शब्द या सगळ्यातून बिनशर्त मागं घ्यावा.

या मागण्या मान्य होतील अशी आशा नाही. पगारवाढीच्या वेळी तरी कुठं असते! तोपर्यंत आमचं असहकाराचं आंदोलन चालू आहे आणि त्याचं स्वरूप अगदी साधं आहे. परवा औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या मुलानं नेहमीप्रमाणं विचारलं, ''काका, मोबाइल नंबर सांगा, पॉइंट जमा करतो.''

मी म्हटलं, ''पॉइंट राहू देत. त्याचे जे काय होतील, ते बिलातून कमी कर.''

त्यानं आत मालकाकडे पाहिलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅल्क्युलेटर काढून त्यांनी हिशेब केला आणि बिलातले अकरा रुपये कमी केले. सही नाही, पासवर्ड नाही, मुदत नाही. ते अकरा रुपये मी खिशात घातले आणि शेजारच्या टपरीवर आमच्या शिपायांना एक कटिंग पाजला.